दोन डोळे, बारा हात आणि स्वतंत्रपूर

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतील सुशिक्षित घरांतून जुन्या बोलपटांच्या गोष्टी निघाल्या कीं, 'दो आँखें बारह हाथ' या बोलपटाविषयीं एक प्रश्न पुष्कळदां विचारला जातो. त्यांतील तो ओसाड माळ, ती पडकी वसाहत आणि ती भाजीची बाग कोठें आहे? सुटींत मुलांना घेऊन तो देखावा पाहून येतां येईल काय? प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याचें उत्तर दोन भागांत द्यावें लागतें. पडद्यावर दिसतो तो देखावा कलावंतांनीं रचिलेला होता; चित्रण संपतांच त्याचें प्रयोजनही संपलें. परंतु ज्या हकीकतीवरून ती कथा सुचली, ती हकीकत खरी होती. ती आजच्या सांगली जिल्ह्यांत, आटपाडी गांवाजवळ, स्वतंत्रपूर नांवाच्या वसाहतींत घडली, आणि ती वसाहत अद्याप नांदती आहे. देखावा नाहींसा व्हावा आणि ज्यावरून तो रचिला तें स्थळ मात्र टिकून राहावें, असा योग बोलपटांच्या इतिहासांत क्वचित् येतो. तो कां आला, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम बोलपटाविषयीं. तो १९५७ सालीं प्रदर्शित झाला. निर्माते, दिग्दर्शक आणि नायक अशा तिन्ही नात्यांनीं त्यामागें मूळचे कोल्हापूरचे व्ही. शांताराम हे होते. कथा-पटकथा ग. दि. माडगूळकर यांची, संगीत वसंत देसाई यांचें आणि गीतें भरत व्यास यांचीं. त्यांतील प्रार्थना लता मंगेशकर यांच्या कंठांतून घरोघर पोहोंचली आणि कित्येक शाळांच्या नित्यपाठांत जाऊन बसली. लताबाईंच्या बालपणाचीं कांहीं वर्षें सांगलींत गेलीं होतीं, ही गोष्ट सांगलीकर अभिमानानें सांगतात. बोलपटास राष्ट्रपतींचें सुवर्णपदक मिळालें. १९५८ सालीं बर्लिन येथील चित्रपट-महोत्सवांत त्याचा रौप्य-अस्वल हें पारितोषिक देऊन गौरव झाला. 'झनक झनक पायल बाजे' या रंगीत बोलपटाच्या यशानंतर अवघ्या दोन वर्षांनीं शांतारामांनीं हा कृष्णधवल बोलपट काढावा, यांतच विषयाचें गांभीर्य त्यांनीं ओळखलें होतें असें दिसून येतें. बैलाशीं झुंज देण्याच्या प्रसंगाचें चित्रण चालू असतां त्यांच्या डोळ्यांना भयंकर इजा झाली. दृष्टि वांचली, हें सुदैव.

कथा थोडक्यांत अशी आहे. आदिनाथ नांवाचा एक तुरुंगाधिकारी खुनाची शिक्षा झालेले सहा कैदी आपल्या जबाबदारीवर तुरुंगाबाहेर काढतो आणि त्यांना एका ओसाड जागीं नेऊन शेती करावयास लावतो. सहा कैद्यांचे ते बारा हात. आणि त्यांच्यावर विश्वासानें खिळलेले अधिकाऱ्याचे ते दोन डोळे. जमीन पिकते, भाजी बाजारांत जाते, चोख मालाला रास्त भाव घेतला जातो. त्यामुळें ज्या व्यापाऱ्याची मिरास बुडते तो खवळतो. कैद्यांना मारहाण होते, आणि दिलेल्या वचनाला जागून ते उलट हात उगारीत नाहींत. अखेर पिकावर बैल सोडले जातात, आणि त्यांना आवरतांना आदिनाथ प्राणास मुकतो. सहा कैदी मात्र पळून जात नाहींत.

या कथेंत प्रेमाचा धागाही आहे. खेळणीं विकीत फिरणारी चंपा या माळावरून जाते-येते. तिचें मन आदिनाथाकडे ओढलें जातें. संध्याबाईंनीं ही भूमिका केली आहे. या प्रेमाला लग्नाचा मांडव लाभत नाहीं, आणि त्या दोघांचा संसारही उभा राहत नाहीं. कर्तव्यांत गढून गेलेला पुरुष आणि त्याची वाट पाहणारी स्त्री, एवढेंच तें चित्र आहे. सामान्य प्रणयपटाच्या मानानें हा धागा बारीक आहे. तथापि तो काढून टाकला तर सारी कथा कोरडी होईल. त्या माळावर माणसाच्या मायेचा ओलावा आणण्याचें काम चंपेकडे आहे.

आतां मूळ हकीकतीकडे वळलें पाहिजे, आणि त्यासाठीं औंध संस्थानाची ओळख करून घेतली पाहिजे. औंध हें गांव सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यांत आहे. परंतु औंध संस्थान म्हणजे एकसलग मुलूख नव्हता. त्याचे तुकडे इंग्रजी अमलाखालील जिल्ह्यांतून विखुरलेले होते. औंधच्या भोंवतालचा एक तुकडा, आटपाडीचा दुसरा, कुंडलचा तिसरा आणि विजापूरकडे गुणदाळचा चौथा. सारीं मिळून बहात्तर गांवें. भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधि हे १९०९ सालीं गादीवर आले. सूर्यनमस्कारांचे प्रचारक, चित्रकार आणि कीर्तनकार म्हणून त्यांची ख्याति होती. उद्योगालाही त्यांनीं आश्रय दिला. १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांना कुंडलजवळचा माळ मिळाला तो त्यांच्याकडूनच. त्यावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. त्या वाडींत लक्ष्मणरावांनीं गुन्हेगार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कांहीं माणसांना राखणदारीचें काम दिलें होतें. ज्याच्यावर समाजानें चोर म्हणून शिक्का मारला, त्याच्याच हातीं वखारीची राखण सोंपवावी, ही कल्पना त्या मुलुखाला अशा रीतीनें स्वतंत्रपुराच्या पुष्कळ आधीं परिचित झाली होती.

१९३८ सालच्या नोव्हेंबरांत भवानरावांनीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं देण्याची घोषणा केली, आणि १९३९ च्या जानेवारींत औंधची नवी राज्यघटना अमलांत आली. ती तयार करतांना महात्मा गांधींचा सल्ला घेण्यांत आला होता. गांवची पंचायत हा तिचा पाया. पंचायतींतून तालुक्याची सभा आणि तेथून संस्थानची विधिसभा, अशी ती खालून वर बांधीत नेलेली रचना होती. या कामीं राजेसाहेबांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांनीं पुढाकार घेतला. त्यांच्याबरोबर होते मॉरिस फ्रिडमन. हे १९०१ सालीं वॉर्सा येथें जन्मलेले पोलिश ज्यू एंजिनिअर. बंगळूर येथील विजेच्या कारखान्यांत काम करण्यासाठीं ते हिंदुस्थानांत आले, आणि येथेंच रमले. गांधीजींच्या सहवासांत त्यांनीं सूतकताईची धनुष-तकली सिद्ध केली. 'भारतानंद' या नांवानेंही ते ओळखले जात.

राज्य प्रजेचें झालें, तर तुरुंग कोणाचा, हा प्रश्न ओघानेंच आला. ज्या माणसाला उद्यां पंचायतींत मत द्यावयाचें आहे, त्याला आज साखळदंडांत ठेवून स्वातंत्र्याचें शिक्षण कसें देतां येईल? फ्रिडमन यांचें म्हणणें असें कीं, स्वातंत्र्याचें शिक्षण स्वातंत्र्यांतच दिलें पाहिजे. पोहणें शिकवावयाचें तर शिकणाऱ्याला पाण्यांत उतरविलें पाहिजे. कांठावर बांधून ठेवलेला मनुष्य जन्मभर पोहण्यास शिकणार नाहीं. या विचारांतून १९३९ सालीं आटपाडीजवळ कैद्यांची वसाहत वसविण्यांत आली. कोट नाहीं, गज नाहींत, शेतावर काम करणारे कैदी आहेत. वसाहतीला नांव देण्यांत आलें स्वतंत्रपूर. कैद्यांच्या वस्तीला असें नांव देणें हीच त्या काळीं धाडसाची गोष्ट होती.

हें धाडस किती मोठें होतें, हें नकाशा पाहिल्यावर ध्यानांत येतें. संस्थानची हद्द चोहोंकडून तुटक. कोणत्याही दिशेनें चालत सुटलें तरी मनुष्य लवकरच परक्या हद्दींत पोहोंचणार. शिवाय देश सगळा उघडा. आटपाडी हा माणदेशाचा भाग. सह्याद्रीनें अडविलेला पाऊस येथवर फारसा पोहोंचत नाहीं. माणगंगेचें पात्र वर्षांतील बरेच महिने कोरडें पडलेलें असतें. मेंढरें, खिल्लार बैल आणि बाजरी-ज्वारी यांवर येथील माणसानें पिढ्यान् पिढ्या दिवस काढले. अशा भूमींत कैद्याला शेती करावयास सांगणें म्हणजे सोपें काम देणें नव्हे. परंतु त्यांतच प्रयोगाचें मर्म होतें. सुपीक जमीन कोणाच्याही हातून पिकते. हट्टी जमीन पिकवावयाची तर रोज पहांटे उठावें लागतें, पाणी राखावें लागतें, शेजाऱ्याशीं जुळतें घ्यावें लागतें. तुरुंगाची शिस्त पहारेकऱ्याच्या शिटीनें लागते; शेतीची शिस्त पिकाच्या गरजेनें लागते. पहारेकरी उठून गेला कीं पहिली संपते, दुसरी संपत नाहीं.

हा सारा मुलूख माडगूळकरांचा. त्यांचें माडगूळ हें गांव आटपाडी तालुक्यांतच आहे, आणि त्यांच्या शिक्षणाचीं कांहीं वर्षें औंध येथें गेलीं. त्यांचे धाकटे बंधु व्यंकटेश माडगूळकर यांनीं 'बनगरवाडी' या कादंबरींत याच माणदेशांतील औंध संस्थानच्या एका वाडीचें चित्र रेखाटलें आहे. तेव्हां ही हकीकत बोलपटांत यावी आणि ती माडगूळकरांच्या लेखणींतून यावी, यांत नवल नाहीं. नवल आहे तें हकीकतीची कथा होतांना काय बदललें याचें.

बोलपटाच्या देखाव्याची रीत अशी असते कीं, जी बाजू कॅमेऱ्यासमोर येणार तेवढीच उभारावयाची. घराच्या तीन भिंती असल्या तरी पुरे. चवथ्या भिंतीच्या जागीं यंत्र आणि माणसें उभीं असतात. लांकूड, बांबू, कापड आणि गिलावा यांनीं दगडी चिरेबंदीचा भास उत्पन्न होतो. कथेचा देखावाही असाच असतो. हकीकतीची जी बाजू प्रेक्षकाच्या काळजाला भिडेल तेवढी उभारावयाची आणि बाकीची मोकळी सोडावयाची. यांत खोटेपणा नाहीं. दोन-अडीच तासांत गोष्ट सांगावयाची तर दुसरा मार्ग नसतो. परंतु जो प्रेक्षक पुढें मूळ स्थळ पाहावयास निघाला, त्यानें सोडलेली बाजू कोणती, हें जाणून घेतलें पाहिजे.

पहिला बदल असा. बोलपटांत विश्वासाचा सारा भार एका माणसाच्या डोळ्यांवर आहे. कैद्यांच्या मनांत पळण्याचा विचार आला, तरी ते डोळे त्यांना मागें खेंचतात. स्वतंत्रपूर मात्र एकट्याच्या तेजावर उभें राहिलेलें नाहीं. त्यामागें राजाची संमति होती, अप्पासाहेबांचा कारभार होता, फ्रिडमन यांची कल्पना होती आणि शेजारीं कैदी राहावयास आले तरी गांव न सोडणारे आटपाडीचे लोक होते. या शेवटच्या मंडळींना बोलपटांत जागा मिळाली नाहीं. खुनाची शिक्षा झालेला मनुष्य आपल्या शेताच्या बांधापलीकडे बिनबेडी काम करतो आहे, हें रोज पाहणें आणि तरीही स्वस्थ झोपणें, याला कांहीं कमी विश्वास लागत नाहीं.

दुसरा बदल प्रेमाच्या बाबतींतला. बोलपटांतील माया चंपेच्या रूपानें बाहेरून चालत येते आणि अपुरीच राहते. कुटुंब तेथें कथेच्या कडेला आहे. स्वतंत्रपुरांत तें मध्यभागीं आहे. या वसाहतींत बंद्याला आपल्या बायकामुलांसह राहतां येतें. साधें मुक्त कारागृह आणि अशी मुक्त वसाहत यांतील मुख्य भेद हाच. मुक्त कारागृहांत बंदी दिवसा मोकळ्यावर काम करतात व रात्रीं आपल्या बराकींत हजेरीला परततात. वसाहतींत मनुष्य दिवसाचें काम संपवून आपल्या घरीं जातो. शिक्षा एकाची असली तरी तिची झळ साऱ्या घराला लागते, ही गोष्ट प्रत्येकास ठाऊक आहे. नवरा तुरुंगांत गेला कीं बायको माहेरीं किंवा मोलमजुरीला जाते, मुलें मामाच्या दारीं वाढतात. आठ-दहा वर्षांनीं तो सुटून येतो तेव्हां त्याला ओळखणारें मूल घरांत उरलेलें नसतें. अशा माणसाला पुन्हां वाट चुकावयास किती वेळ लागणार? घर शाबूत ठेवणें हा दयेचा प्रकार नसून समाजाच्या संरक्षणाचाच उपाय आहे. प्रणयाची अपुरी गोष्ट पडद्यावर शोभते. वसाहत चालते ती रोज संध्याकाळीं पेटणाऱ्या चुलीवर.

तिसरा बदल शेवटाचा. बोलपटांत नायक मरतो. स्वतंत्रपुराच्या हकीकतींत अशी रक्ताची समाप्ति नाहीं. परंतु एका अर्थीं तेथेंही नायक निघून गेले. ८ मार्च १९४८ रोजीं औंध संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. अप्पासाहेब पंत त्याच वर्षीं पूर्व आफ्रिकेंत हिंदुस्थानचे प्रतिनिधि म्हणून गेले. भवानराव १९५१ सालीं निवर्तले. फ्रिडमन पुढें मुंबईस राहिले व तेथेंच वारले. निसर्गदत्त महाराजांच्या संवादांचें त्यांनीं केलेलें इंग्रजी भाषांतर जगभर वाचलें जातें. संस्थान गेलें, राजा गेला, योजक गेले. आटपाडी मुंबई प्रांताच्या दक्षिण सातारा जिल्ह्यांत आली, आणि १९६० सालीं त्या जिल्ह्याचें नांव सांगली झालें. एवढ्या उलथापालथींत कैद्यांची एक लहानशी वसाहत मोडून टाकणें कोणालाही सोपें होतें. ती मोडली नाहीं. महाराष्ट्राच्या कारागृह विभागानें ती मुक्त वसाहत म्हणून चालू ठेविली.

बोलपट आणि वास्तव यांची खरी गांठ येथें पडते. आदिनाथ गेल्यावर ते सहा जण राहतील काय, हा बोलपटाचा शेवटचा प्रश्न. योजक गेल्यावर वसाहत राहील काय, हा इतिहासाचा प्रश्न. दोहोंचें उत्तर एकच आलें. माडगूळकरांनीं आणि शांतारामांनीं पुष्कळ कांहीं बदललें. पण हा गाभा त्यांनीं अचूक धरिला. जो विश्वास विश्वास ठेवणाऱ्याबरोबरच मरतो, तो मोहिनीचा प्रकार होय. त्याच्या पश्चात् जो उरतो तोच संस्कार.

हा विचार जगांत एकट्या औंधालाच सुचला असें मात्र नाहीं. स्वित्झर्लंडमध्यें वित्सविल येथें १८९१ सालीं दलदलीच्या जमिनीवर कैद्यांची शेती सुरू झाली. इंग्लंडांत वेकफील्ड तुरुंगाच्या कैद्यांसाठीं १९३६ सालीं बिनभिंतीची छावणी निघाली. हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावर उत्तर प्रदेशांत १९५२ च्या सुमारास संपूर्णानंदांच्या प्रेरणेनें कैद्यांना धरणाच्या बांधकामावर मोकळ्या छावणींत ठेवण्यांत आलें. १९५५ सालीं जिनीव्हा येथें संयुक्त राष्ट्रांची गुन्हे-प्रतिबंधाविषयीं परिषद भरली, तिनें अशा मुक्त संस्थांची शिफारस केली. आणि १९९६ सालीं भारताच्या सर्वोच्च न्यायालयानें कर्नाटकांतील एका प्रकरणांत तुरुंगांतील गर्दीचा विचार करतांना मुक्त कारागृहांची वाढ व्हावी, असें मत दिलें. या मालिकेंत स्वतंत्रपुराचें वैशिष्ट्य असें कीं, तें एखाद्या बलाढ्य राष्ट्रानें स्थापिलें नाहीं. इंग्रजी साम्राज्याच्या छायेखालील बहात्तर गांवांच्या एका गरीब संस्थानानें, आपल्या सर्वांत रूक्ष भागांत, तें वसविलें.

याचा अर्थ कोणीही कैदी मागेल तेव्हां मोकळा होतो असा नव्हे. शिक्षेचा कांहीं काळ बंद तुरुंगांत काढलेला व चांगल्या वर्तनाचा, असाच बंदी मुक्त व्यवस्थेसाठीं निवडला जातो. कामाच्या दिवसांमागें शिक्षेंत अधिक सूट मिळते. जो विश्वास मोडील त्याला पुन्हां भिंतीआड जावें लागतें. भिंत नाहीं म्हणजे नियम नाहींत असें नसून, येथें नियम पाळण्याचें काम भिंतीऐवजीं माणसाकडे सोंपविलेलें असतें. हें काम भिंतीपेक्षां अवघड आहे, आणि म्हणूनच त्याचें मोल अधिक.

आतां उरला प्रश्न पाहावयास जाण्याचा. बोलपटाच्या प्रेमानें जो कोणी या वाटेला निघेल त्यानें प्रथम औंध पाहावें. यमाईचें देवालय पाहावें. त्याच डोंगरावर भवानरावांनीं १९३८ सालीं, म्हणजे स्वराज्याच्या घोषणेच्याच वर्षीं, उभारलेलें श्रीभवानी चित्रसंग्रहालय आहे. तेथें राजा रविवर्म्याचीं चित्रें आणि हेन्री मूर याचें माता व बालक यांचें शिल्प आहे. ज्या राजानें तुरुंगाच्या भिंती पाडण्यास संमति दिली, त्याच्या मनाची घडण त्या दालनांतून कळते. तेथून माणदेशांत उतरावें. खरसुंडीच्या सिद्धनाथाच्या यात्रेंत खिल्लार जनावरांचा बाजार भरतो; तो पाहिला म्हणजे बोलपटांतील बैलांची झुंज एवढी भयकारी कां वाटते, हें उमगतें. टेंभू योजनेचें कृष्णेचें पाणी आतां आटपाडीकडे आलें असून, पूर्वीं जेथें कुसळें होतीं तेथें डाळिंबाच्या बागा दिसतात.

स्वतंत्रपुरापाशीं आल्यावर मात्र प्रवाशानें थांबावें. ती सरकारी वसाहत आहे. आंत जावयाचें तर अधिकाऱ्यांची परवानगी लागते, आणि ती मिळाली तरी तेथील माणसें हीं प्रदर्शनांतील चित्रें नव्हेत. बोलपटांतील नटांनीं कैद्यांचें सोंग घेतलें होतें. काम संपतांच ते आपापल्या घरीं गेले. येथील माणसें आपल्या कृत्याचें ओझें खरोखरीच वाहत आहेत, आणि त्यांचीं मुलें त्यांच्यादेखत वाढत आहेत. त्यांची छायाचित्रें काढणें, अपराध काय म्हणून विचारणें, मुलांकडे बोट दाखविणें, हें सर्व टाळावें. बांधापलीकडून शेत पाहावें, कोट आणि गज कोठें आहेत तें शोधावें, ते सांपडले नाहींत म्हणजे पुढें जावें. आटपाडीच्या शेजाऱ्यांनीं १९३९ पासून ही सभ्यता पाळली आहे. पाहुण्यानें एका दिवसापुरती तरी ती पाळावी.